मेजावरील संगणक व हातातील कोश : रेवदंडा–कोर्लई परिसराच्या निमित्ताने साधनसाखळीचा विचार

१. प्रयोजन

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई अशी दोन गावे एकमेकांसमोर वसलेली आहेत. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने इतक्या थोड्या भूमीवर इतकी विविध सामग्री महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. रेवदंड्याच्या पंचक्रोशीत कोळी व आगरी समाजांच्या बोली आहेत; बेने इस्रायलांच्या मराठीचा या किनाऱ्याशी जुना संबंध आहे; आणि खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज शब्दसंपत्तीवर उभी असलेली एक क्रिओल भाषा आजही बोलली जाते. १५२१ साली पोर्तुगिजांनी निजामशाहीच्या संमतीने चौल येथे कोट बांधावयास घेतला आणि १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या हाती गेले. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या आश्रयाने ख्रिस्ती झालेल्या येथल्याच लोकांची बोली मागे राहिली. तिला तिचे भाषक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे. पोर्तुगीज भाषेत क्रियापद सामान्यतः कर्मापूर्वी येते. कोर्लईच्या बोलीत मराठीच्या दीर्घ सहवासाने ते वाक्याच्या अखेरीकडे सरकले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थित्यंतराचे सविस्तर विवेचन केले आहे.

असा अभ्यास झाला, तरी त्याचे फळ भाषकांच्या हाती पडतेच असे नाही. ग्रंथ इंग्रजीत असतो आणि परदेशी प्रकाशकाकडे असतो. ज्या गावातून शब्द गोळा केले त्या गावात तो पोहोचत नाही. उलट मोबाईल मात्र त्या गावात घरोघर पोहोचला आहे. तरुण भाषक जे काही लिहितात ते बहुतांशी त्याच्याच पडद्यावर लिहितात. तेव्हा शब्दसंग्रह मोबाईलवर वाचता व शोधता यावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

ही अपेक्षा पुरी करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे काम एखाद्या व्यावसायिकाकडे सोपविणे. यातून तयार वस्तू मिळते, परंतु ती घडविण्याची साधने व मूळ आज्ञावली विभागाकडे येत नाहीत. पुढे दोन शब्द दुरुस्त करावयाचे झाले, किंवा मोबाईलची प्रणाली बदलली, म्हणजे कोश जेथल्या तेथे थांबतो. म्हणून भाषाविभागातील मेजावरच्या साध्या संगणकावर ही घडण कशी करता येते, तिची अंगे कोणती आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणत्या ठिकाणी विशेष सावध राहावयास हवे, हे येथे सांगावयाचे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी अँड्रॉइड ही प्रणाली गृहीत धरली आहे. ॲपलच्या आयफोनसाठी त्याच कंपनीचा संगणक व तिचेच एक्सकोड हे साधन लागते, त्यामुळे विभागातील उपलब्ध यंत्रावर ते काम सहसा होत नाही.

२. साधनसाखळी म्हणजे काय

जी आज्ञावली एका यंत्रावर लिहावयाची आणि निराळ्याच यंत्रावर चालवावयाची, तिच्या घडणीस जी साधने एकापुढे एक लागतात त्यांच्या समुदायास येथे ‘साधनसाखळी’ म्हटले आहे. साखळी म्हणण्याचे कारण असे की, प्रत्येक साधन आधीच्याने दिलेले घेते आणि पुढच्याला लागेल ते देते. मधली एक कडी निसटली तर शेवटी काहीच हाती लागत नाही.

मेजावरील संगणकाचा प्रक्रियक बहुधा इंटेलच्या परंपरेतील असतो. मोबाईलमधील प्रक्रियक बहुधा एआरएम या घराण्यातील असतो. दोघांची यंत्रभाषा भिन्न. एकासाठी तयार केलेला यंत्रपाठ दुसऱ्याला कळत नाही. मग मोबाईलवरच आज्ञावली का लिहू नये, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर व्यावहारिक आहे : लहान पडदा, अपुरा कळफलक व बेताची स्मृती यांमुळे ते काम तेथे सुखाने होत नाही. म्हणून घडण एकीकडे व उपयोग दुसरीकडे अशी विभागणी होते. पहिल्या यंत्रास ‘यजमान’ व दुसऱ्यास ‘लक्ष्य’ अशा संज्ञा योजता येतील.

मुद्रणकलेत हीच विभागणी जुनी आहे. पोलादी मुद्रेवर अक्षर कोरावयाचे, तिच्या ठशाने तांब्यात साचा उठवावयाचा, साच्यात शिसे ओतून खिळा पाडावयाचा, खिळे जुळवावयाचे आणि मग कागदावर छाप उमटवावयाचा. वाचकाच्या हाती येते ते केवळ शेवटचे पान. ओतशाळेत जे अक्षर नाही ते पुस्तकात येऊ शकत नाही, हा या साखळीचा धडा मराठीला फार पूर्वी मिळाला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण नागरीचे खिळे तेथे नव्हते. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूर येथे निघाला तो मोडी खिळ्यांत. लिपीची निवड दोन्ही वेळा साधनांच्या मर्यादेत राहूनच झाली. मोबाईलवरील कोशाच्या बाबतीतही हे विसरून चालणार नाही.

हातातील यंत्रासाठी मेजावर घडण करण्याचा भारतीय प्रयत्नही नवा नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक व एन्कोर ही कंपनी यांच्या सहकार्यातून ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे यंत्र पुढे आले. २००१ साली त्याचे स्वरूप लोकांसमोर ठेवले गेले आणि २००४ साली ते विक्रीस निघाले. त्याचा प्रक्रियक एआरएम घराण्यातील होता व प्रणाली लिनक्स होती. त्याच्यासाठी आज्ञावली घडवावयाची ती मेजावरील संगणकावर, परकीय प्रक्रियकाचा यंत्रपाठ देणाऱ्या संकलकाच्या साहाय्याने. ते यंत्र बाजारात टिकले नाही. परंतु पद्धती तीच राहिली.

अँड्रॉइडमधील साखळीचे टप्पे असे सांगता येतील. जावा किंवा कॉटलिन भाषेत लिहिलेला मूळपाठ संकलकाकडे जातो. संकलक त्याचे एका मध्यस्थ संकेतात रूपांतर करतो. हा संकेत कोणत्याही प्रक्रियकाची यंत्रभाषा नव्हे. डी-एट नावाचे साधन तो संकेत मोबाईलला सोयीच्या अशा ‘डेक्स’ स्वरूपात आणते. त्याच वेळी चित्रे, पडद्याची मांडणी, बटनांवरील मजकूर इत्यादी सामग्री एएपीटी-टू या साधनाकडून बांधून घेतली जाते. दोन्ही मिळून एक गठ्ठा होतो, त्यावर स्वाक्षरी उमटते, आणि तो ‘एपीके’ या नावाने मोबाईलवर बसविण्यास योग्य होतो. यंत्रभाषेत शेवटचे रूपांतर मोबाईलच्या आत त्याची स्वतःची प्रणाली करते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास या व्यवहारात अपरिचित असे थोडे आहे. संकलक प्रथम मूळपाठाची पदे पाडतो, नंतर व्याकरणाच्या नियमांनी त्यांची वाक्यरचना लावतो, आणि ती लागल्यावरच रूपांतर करतो. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांचे जे वर्गीकरण मांडले त्याचा पुढे संगणकभाषांच्या रचनेस मोठा उपयोग झाला. फरक इतकाच की, मानवी श्रोता सदोष वाक्याचाही अर्थ लावतो. संकलक लावीत नाही. त्याने दाखविलेली चूक बहुधा प्रथम दिसते त्या जागेच्या आधी असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे नवशिक्याचा पुष्कळसा त्रास वाचतो.

३. आधी शब्दसामग्री, मग साधने

साधने बसविण्यापूर्वी शब्दसंग्रह कोणत्या स्वरूपात आहे ते पाहावे. क्षेत्रकार्याच्या वहीतील नोंद माणसासाठी असते. तिच्यातील कंस, बाण, समासातील शेरे यांचा अर्थ यंत्रास लागत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीची अंगे वेगळी करावी लागतात : शब्द, व्याकरणिक कोटी, मराठी अर्थ, उदाहरणवाक्य, ते कोणत्या वस्तीत ऐकले ती जागा आणि ध्वनिमुद्रणाचे नाव. एसआयएल या संस्थेच्या फील्डवर्क्स या साधनात ही व्यवस्था तयार मिळते, आणि त्यातून ‘लिफ्ट’ या कोशविनिमयाच्या स्वरूपात सामग्री बाहेर काढता येते. त्याच संस्थेचे ‘डिक्शनरी ॲप बिल्डर’ हे साधन अशा सामग्रीपासून, आज्ञावलीची एकही ओळ न लिहिता, अँड्रॉइडचा कोश घडविते. मात्र तेही पडद्याआड उपर्युक्त साखळीच वापरते. जावाची व अँड्रॉइडची साधने संगणकावर असल्यावाचून ते चालत नाही. साखळीचे ज्ञान म्हणूनच दोन्ही मार्गांनी आवश्यक ठरते.

यानंतर लेखनाचा प्रश्न येतो. कोर्लईचे बहुतेक तरुण भाषक मराठी लिपीशी परिचित आहेत. त्यामुळे देवनागरी लेखन त्यांना जवळचे वाटावे. परंतु भाषेच्या नावापासूनच मतभेद संभवतो. रोमन लिपीत हे नाव एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते. देवनागरीत ‘नो लिंग’, ‘नौ लिंग’, ‘नॉ लिंग’ अशी तीन रूपे सहज होऊ शकतात. यांपैकी कोणते प्रमाण मानावे हे भाषकांनी ठरवावयाचे आहे, आज्ञावली लिहिणाऱ्याने नव्हे. तथापि भाषकांनी एक रूप प्रमाण मानले, तरी वाचक तिन्ही प्रकारे शोधणार. म्हणून प्रत्येक शब्दाबरोबर एक गुप्त ‘शोधरूप’ साठवावे, आणि त्यात ो, ौ व ॉ या खुणा एकाच खुणेत विलीन कराव्या. वाचकाने लिहिलेल्या शब्दावरही तीच क्रिया करावी. म्हणजे लेखनभेद असूनही शब्द सापडतो आणि प्रमाण रूप पडद्यावर जसेच्या तसे राहते.

युनिकोड संकेतव्यवस्थेतील काही अडचणी याहून सूक्ष्म आहेत, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर २००८ पासून स्वतंत्र संकेताने लिहिता येते. त्यापूर्वीच्या लेखनात ते ‘अ’ व चंद्रखूण यांच्या जोडीने, कधी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून, लिहिले जाई. तिन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ती तीन भिन्न अक्षरमालिका आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक मानीत नाही. त्याच्या उलट ‘ऱ’ हे अक्षर स्वतंत्र संकेताने लिहिले किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिले, तरी प्रमाणीकरणानंतर ते एकच होते. अर्थात पहिल्या प्रकारासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो, दुसऱ्यासाठी तयार साधन पुरते.

किनाऱ्यावरील शब्दसंग्रहात हा भेद प्रत्यक्ष अर्थाला भिडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार दोन पद्धतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त करून, अथवा साध्या हलन्त ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. आज्ञावलीने अदृश्य चिन्हे सरसकट गाळली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. मच्छीमारांच्या कोशात डोंगरदऱ्या समुद्रात बुडाव्या असा हा प्रकार आहे. म्हणून आधी आडव्या रफाराची सर्व रूपे ‘ऱ’मध्ये आणावी व मगच अदृश्य चिन्हे काढावी. नियमांचा क्रम बदलला तर फळ बदलते, हे व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको.

तिसरा प्रश्न वर्णक्रमाचा. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेत ‘ल’नंतर व ‘व’पूर्वी येतो, मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे ‘ह’नंतर येते आणि त्यामागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’. संकेतांच्या अंकांवरून शब्द लावले, तर कोशाचा क्रम मराठी वाचकास परका वाटतो. मराठीचा क्रम जाणणारे नियम आयसीयू या संग्रहात आहेत आणि अँड्रॉइड ७ पासून ते आज्ञावलीस थेट उपलब्ध आहेत. परंतु गावात त्याहून जुने मोबाईल असण्याचा संभव आहे. तेव्हा क्रम मेजावरच एकदा ठरवून प्रत्येक नोंदीस तिचा क्रमांक देऊन टाकावा, हा उत्तम मार्ग. यजमान यंत्र सशक्त आहे. जे काम त्याच्यावर एकदाच करता येते ते लक्ष्य यंत्रावर दरवेळी करण्याचे कारण नाही.

४. संगणकावरील मांडणी

साधनांची संख्या पाहून बिचकण्याचे कारण नाही. पण त्यांचा क्रम व त्यांच्या आवृत्त्या यांविषयी काटेकोर असावे. संगणकाची स्मृती आठ गिगाबाइटपेक्षा कमी असल्यास काम रखडते, आणि पुढे वर्णन केलेले प्रतिरूप यंत्र चालवावयाचे असल्यास तिच्या दुप्पट स्मृती असणे बरे.

प्रथम जावाची निर्मितीसाधने, म्हणजे जेडीके, बसवावी. केवळ जावाच्या आज्ञावल्या चालविणारे साधन पुरत नाही; संकलक असलेला पूर्ण संच हवा. अँड्रॉइडच्या बांधणीसाधनाच्या आठव्या मालिकेस जेडीकेची सतरावी आवृत्ती लागते. त्यानंतर अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन बसवावे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात निघाली. लेखनाचा पट, शुद्धता तपासणारे साहाय्यक, बांधणी व प्रतिरूप यंत्र हे सर्व त्यात एकत्र केले आहे. त्याच्याकडूनच अँड्रॉइडचा साधनसंच, म्हणजे एसडीके, उतरवून घेता येतो. एसडीकेत तीन भाग मुख्य आहेत : ज्या प्रणालीसाठी घडण करावयाची तिच्या व्यवस्थेचे वर्णन, बांधणीची साधने, आणि संगणक व मोबाईल यांच्यात संभाषण घडविणारी साधने.

जेडीके व एसडीके ही कोठे ठेवली आहेत हे संगणकास ठाऊक असावे लागते. त्यासाठी ‘जावा होम’ व ‘अँड्रॉइड होम’ या नावांच्या दोन चलांत त्या फोल्डरांचे पत्ते नोंदवितात, आणि आज्ञा कोठे शोधावयाच्या त्या ‘पाथ’ या यादीत त्यांची भर घालतात. पुष्कळदा संगणकावर जावाच्या दोन-तीन आवृत्त्या आधीपासून असतात आणि ‘पाथ’मध्ये जी प्रथम येते तीच चालते. बांधणी अनपेक्षितपणे अडली, तर कोणती आवृत्ती उत्तर देत आहे हे प्रथम विचारून पाहावे.

बांधणीची सूत्रे ग्रेडल या साधनाकडे असतात. कोणत्या फायली बदलल्या, कोणते टप्पे पुन्हा करावयास हवेत आणि बाहेरचे कोणते संग्रह लागतात हे ते ठरविते. या कल्पनेचा उगम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत रचलेल्या ‘मेक’ या साधनात आहे. ग्रेडल लागणारे संग्रह पहिल्या वेळी आंतरजालावरून आणते. म्हणून क्षेत्रकार्याच्या ठिकाणी दुरुस्ती करावयाची असेल, तर निघण्यापूर्वी विभागातच एकदा पूर्ण बांधणी करून घ्यावी. मग आणलेले संग्रह संगणकावर राहतात आणि जोडणीविना बांधणी करण्याची सोय वापरता येते. हा नियम पाळला नाही, तर खाडीकाठी बसून एक मात्रा सुधारणेही कठीण होते.

येथे देवनागरीविषयी दोन इशारे देणे अगत्याचे आहे. पहिला असा की, विंडोज प्रणालीवर प्रकल्पाच्या फोल्डरास देवनागरी नाव दिले, तर बांधणीसाधन काम नाकारते. फोल्डरचे नाव रोमन अक्षरांतच ठेवावे लागते. ज्या साधनाने देवनागरी कोश घडवावयाचा त्याने देवनागरी नावावर अडून बसावे यात विसंगती आहे खरी. परंतु तिच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. शब्दसंग्रह यूटीएफ-आठ या संकेतरूपात जतन केलेला असला, तरी जावाची सतरावी आवृत्ती विंडोजवर फाईल वाचताना, निराळे न सांगितल्यास, त्या प्रणालीचा जुना संकेत गृहीत धरते. परिणामी विभागातील विद्यार्थ्याने लिहिलेली रूपांतराची छोटी आज्ञावली चालते, कोणतीही चूक दाखवीत नाही, आणि सर्व देवनागरी शब्दांचा चिखल करून ठेवते. जावाच्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-आठ हाच मूळ संकेत मानला जातो. तोपर्यंतच्या आवृत्त्यांत प्रत्येक वाचनाच्या व लेखनाच्या जागी संकेताचे नाव स्पष्ट लिहावे. यंत्राने गप्प बसून केलेली चूक ही बोलून दाखविलेल्या चुकीपेक्षा नेहमीच घातक असते.

साधने बसली की ताबडतोब कोश घडविण्यास लागू नये. प्रथम एकच पडदा व त्यावर एकच शब्द दाखविणारी आज्ञावली बांधून ती मोबाईलवर न्यावी. एवढे साधले म्हणजे साखळी सलग आहे असे सिद्ध होते. पुढे अडचण आली तर ती साधनांत नसून स्वतःच्या लेखनात आहे, असे बऱ्याच निश्चयाने म्हणता येते.

५. प्रतिरूप यंत्र व प्रत्यक्ष यंत्र

अँड्रॉइड स्टुडिओबरोबर मोबाईलचे एक प्रतिरूप मिळते. ते संगणकाच्या पडद्यावर मोबाईलसारखे दिसते व बरेचसे त्याच्यासारखे वागते. ते वेगाने चालावे म्हणून संगणकाच्या प्रक्रियकातील आभासीकरणाची सोय, मूळ मांडणीच्या पटलात जाऊन, चालू करावी लागते. निरनिराळ्या आकारांचे पडदे व प्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्या यांवर कोश कसा दिसतो हे प्रतिरूपात लवकर पाहता येते.

परंतु प्रतिरूप म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. इंटेलच्या संगणकावरील प्रतिरूप सामान्यतः इंटेलच्याच यंत्रभाषेत चालते. त्याची स्मृती विपुल असते आणि त्यातील अक्षरठसे कंपनीने दिलेले मूळचे असतात. गावातील चार-पाच वर्षे वापरलेल्या मोबाईलची स्थिती निराळी. त्यात उत्पादकाने अक्षरठसे बदललेले असू शकतात, स्मृती छायाचित्रांनी भरलेली असते, आणि भर उन्हात पडदा अंधुक दिसतो. म्हणून भाषकांच्या हाती ज्या प्रकारचा मोबाईल आहे तसाच एक मिळवून त्यावर चाचणी करावी. जोडाक्षरे व आडवा रफार नीट उमटतात की नाही याची खात्री नसेल, तर नोटो किंवा तत्सम मुक्त परवान्याचा देवनागरी अक्षरठसा कोशाच्या गठ्ठ्यातच घालावा. त्याने गठ्ठा थोडा मोठा होतो, पण वाचन निश्चित होते.

प्रत्यक्ष मोबाईल संगणकास जोडण्यापूर्वी त्यातील विकसकांसाठीची सोय उघडावी लागते. मोबाईलच्या माहितीच्या पटलात बांधणीक्रमांकावर सात वेळा बोट टेकले की ती उघडते. त्यात यूएसबीद्वारे दोषशोधनास अनुमती द्यावयाची. केबल जोडल्यावर मोबाईल संगणकाची ओळख दाखवून संमती विचारतो. संमती दिल्यावर ‘एडीबी’ हे साधन दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करते. विंडोजवर त्या मोबाईलसाठी निराळे चालकसाधन लागण्याचा संभव असतो; लिनक्सवर त्या यंत्रास हात लावण्याचा अधिकार नियमांच्या फाईलीत नोंदवावा लागतो. यादीत मोबाईल दिसत नसेल, तर या दोन गोष्टींपूर्वी केबल बदलून पाहावी. काही केबली केवळ वीज वाहतात, माहिती नाही. दुसऱ्याचा मोबाईल चाचणीसाठी घेतला असल्यास काम संपल्यावर ही अनुमती काढून मगच तो परत करावा.

अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत मागे जावयाचे हे प्रकल्पाच्या आरंभी ठरवावे. त्यासाठी प्रणालीचे स्तर अंकांनी दाखवितात : अँड्रॉइड ५ चा स्तर २१, अँड्रॉइड ७ चा २४. किमान स्तर जितका खाली, तितके अधिक मोबाईल कोशाच्या कक्षेत येतात, आणि तितकीच तयार साधने वर्ज्य होतात. कोशासारख्या साध्या आज्ञावलीने हा तोटा सोसावा. वाचकांनी नवे मोबाईल घ्यावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा लिहिणाराने चार ओळी अधिक लिहाव्या हे न्याय्य होय.

कोशाच्या पडद्यावरील सूचना कोणत्या भाषेत असाव्या हा वरवर किरकोळ, पण भाषेच्या प्रतिष्ठेशी निगडित प्रश्न आहे. कोर्लईच्या क्रिओलला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत ‘व्हीकेपी’ हा स्वतंत्र संकेत आहे आणि अँड्रॉइडच्या सामग्रीफोल्डरांना तो देता येतो. तथापि मोबाईलच्या भाषायादीत ही भाषा नसल्यामुळे प्रणाली तो मजकूर आपण होऊन निवडणार नाही. म्हणून भाषा निवडण्याची सोय कोशाच्या आतच द्यावी, आणि तेथे ‘नो लिंग’ हे नाव मराठीच्या शेजारी बरोबरीने दिसावे. आपल्या भाषेचे नाव मोबाईलच्या पडद्यावर प्रथमच छापील अक्षरांत पाहणे, याचे मोल भाषकाला अभ्यासकापेक्षा अधिक कळते.

६. स्वाक्षरी, संमती व जतन

अँड्रॉइड स्वाक्षरीविना कोणताही गठ्ठा बसवून घेत नाही. चाचणीच्या काळात स्टुडिओ एक तात्पुरती किल्ली आपोआप तयार करतो. लोकांना द्यावयाच्या प्रतीसाठी स्वतःची कायम किल्ली करावी लागते. पुढची सुधारित आवृत्ती त्याच किल्लीने स्वाक्षरित असली तरच मोबाईल ती जुन्या आवृत्तीच्या जागी स्वीकारतो. किल्ली हरवली किंवा तिचा परवलीचा शब्द विसरला, तर जुना कोश काढून टाकल्यावाचून नवा बसत नाही, आणि वाचकाने त्यात केलेल्या खुणा व टिपणे नाहीशी होतात. गूगलच्या दुकानातून वितरण केल्यास अंतिम स्वाक्षरीची किल्ली गूगलकडे राहते व ही भीती कमी होते. ऑगस्ट २०२१ पासून तेथील नव्या आज्ञावल्यांना हीच पद्धत लागू आहे. तेथे नोंदणीसाठी एकवार पंचवीस डॉलर शुल्क पडते. गठ्ठा एका मोबाईलवरून दुसऱ्यावर परस्पर देऊन कोश पसरवावयाचा असेल, तर मात्र किल्लीची जबाबदारी सर्वस्वी विभागाची. ती एका विद्यार्थ्याच्या संगणकावर राहू नये. प्रबंध पुरा होताच विद्यार्थी जातो आणि त्याच्याबरोबर किल्लीही जाते. विभागाच्या दप्तरी तिच्या दोन प्रती असाव्या, परवलीचा शब्द स्वतंत्र लखोट्यात असावा आणि त्याची नोंद ग्रंथपालाकडे किंवा विभागप्रमुखाकडे असावी.

मूळपाठ व शब्दसंग्रह यांच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे गिट हे साधन लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व चटकन पटेल : कोणता पाठ केव्हा, कोणी व कोणत्या कारणाने बदलला, हे हस्तलिखितांच्या बाबतीत अनुमानाने शोधावे लागते, येथे ते नोंदलेलेच असते. त्याच्या जोडीला एक साधी वहीही असावी. जेडीके, एसडीके, ग्रेडल व बांधणीसाधन यांच्या आवृत्त्या, लेखनाचे ठरलेले नियम आणि त्यांचा क्रम हे सर्व तीत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी दुसऱ्याने कोश पुन्हा बांधावयास घेतला, तर त्याला अडेल ते बहुधा येथेच.

संमतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. भाषक संशोधकास शब्द सांगतो, त्याचा अर्थ त्याने आपला आवाज प्रत्येकाच्या मोबाईलवर वाजविण्यास अनुमती दिली असा होत नाही. ध्वनिमुद्रणे कोशात घालावयाची असल्यास तेवढ्यापुरती निराळी संमती घ्यावी आणि ती मागे घेता येईल असे सांगावे. आज्ञावलीनेही तोच विवेक पाळावा. कोशास आंतरजालाची गरज नसेल, तर तशी परवानगी तिने मागूच नये; मग वाचकाने काय शोधले हे त्याच्या मोबाईलबाहेर जाणार नाही, आणि जोडणी नसलेल्या जागीही कोश उघडेल.

७. उपसंहार

साधनसाखळीची मांडणी हे यंत्रज्ञाचे काम आहे आणि भाषाविभागाने त्यात पडू नये, असा एक समज आढळतो. वरील विवेचनावरून त्याचे निरसन व्हावे. जेडीके बसविणे, केबल जोडणे, गठ्ठा बांधणे ही कामे कोणीही थोड्या सरावाने करू शकेल. परंतु ‘दर्या’ व ‘दऱ्या’ वेगळे राखणे, ‘ळ’ आपल्या जागी बसविणे, एका भाषेच्या नावाची तीन लेखने एका शोधाखाली आणणे आणि त्यांतील कोणते प्रमाण मानावे हा निर्णय भाषकांकडे ठेवणे, या गोष्टी भाषाविज्ञानाच्या आहेत. त्या साखळीच्या आरंभी ठरल्या नाहीत, तर पुढची कोणतीही कडी त्या सुधारू शकत नाही.

मोठ्या भाषेला एखादा सदोष कोश सोसतो. दुसरा निघतो, तिसरा निघतो. हजाराच्या आतबाहेर भाषक असलेल्या बोलीसाठी मात्र पहिला कोश हाच दीर्घ काळ एकमेव असण्याचा संभव असतो, आणि त्यातील लेखन हेच पुढच्या पिढीचे लेखन ठरते. म्हणून कोश गावापर्यंत पोहोचविणे जितके आवश्यक, तितकेच तो दुरुस्त करण्याचे सामर्थ्य विभागात, आणि शक्य तेव्हा गावातील एखाद्या इच्छुक तरुणाच्या संगणकावरही, ठेवणे आवश्यक आहे. याच हेतूने साधने, मूळपाठ, किल्ली व नियमांची वही ही चारही एकत्र जपावी. त्यांपैकी एक नसेल, तर उरलेली तिन्ही व्यर्थ होत.